मोटारसायकल, वारा आणि थांबलेला रस्ता

जुनी मोटारसायकल बाळगणाऱ्या माणसाची एक तक्रार हल्ली सर्रास कानावर येते. "गाडी तशी उत्तम आहे हो! मोकळ्या रस्त्याला लागली की न थांबता जाईल तिथवर जाईल. पण गावात शिरली, चार सिग्नल लागले, की तापलीच म्हणून समजा." मग उपाय सुरू होतात. कोणी सांगतो, ऑइल जाड घाला. कोणी म्हणतो, बोअर करून नवा पिस्टन टाका. कोणी सरळ भंगाराचा रस्ता दाखवतो. एवढे सारे करूनही गाडी तापायची ती तापतेच. मालकाचा खिसा तेवढा हलका होतो.

हा मेकॅनिकचा प्रश्न. त्यात इतिहासाचे काय काम, असे आपण विचाराल. माझे म्हणणे असे की, या दुखण्याचे निदान इतिहासाशिवाय पुरे होत नाही. यंत्र कोणत्या काळी आणि कोणत्या रस्त्यासाठी घडले, हे ध्यानात घेतले नाही तर त्याचा दोष कोणता आणि त्याचा स्वभाव कोणता, हे कळत नाही. दोष दुरुस्त करायचा असतो; स्वभाव सांभाळून घ्यायचा असतो. या दोहोंची गल्लत झाली की चांगली यंत्रेही फुकट मरतात.

प्रथम उष्णतेचा हिशेब मांडू. सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा आतल्या वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. ज्या अल्युमिनियमचा पिस्टन बनतो ते तर ६६० अंशांच्या आसपासच वितळते. म्हणजे भट्टी आणि भांडे यांचे मुळातच जमत नाही. भांड्यातली उष्णता सतत बाहेर काढत राहिलो तरच ते टिकते. पुन्हा, पेट्रोलच्या एका रुपयातले जेमतेम चार आणे चाक फिरवण्याच्या कामी येतात. उरलेल्या बारा आण्यांतला मोठा भाग धुराबरोबर निघून जातो आणि बाकीचा धातूच्या अंगात शिरतो. त्या धातूला गार कसे ठेवायचे, हा प्रश्न मोटारसायकलच्या जन्माबरोबरच जन्मला.

तो जन्म १८८५ सालचा. जर्मनीतल्या कानश्टाट गावी गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर एक लहानसे इंजिन बसवले. २६४ घनसेंटिमीटरचा एक सिलिंडर, ताकद अर्ध्या अश्वशक्तीची, वेग ताशी सुमारे अकरा किलोमीटर. हे इंजिन हवेनेच गार होई. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डाइमलरचा मुलगा पाउल ही गाडी घेऊन शेजारच्या उंटरटुर्कहाइमपर्यंत गेला. ठिणगीऐवजी तापलेल्या नळीने पेट्रोल पेटवायची तेव्हा पद्धत होती आणि ती नळी नेमकी बैठकीखाली होती. त्या फेरीत बैठकीनेच पेट घेतला, असे सांगतात. म्हणजे मोटारसायकल तापण्याची तक्रार मोटारसायकलइतकीच जुनी आहे म्हणायची!

यानंतर नऊ वर्षांनी, १८९४ साली, म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी दुसरी वाट धरली. विक्रीसाठी एकामागून एक तयार झालेली पहिली मोटारसायकल ती हीच. तिचे दोन सिलिंडरचे मोठे इंजिन पाण्याने गार होई आणि ते पाणी मागच्या चाकावरच्या मडगार्डमध्येच साठवलेले असे. कल्पना नामी होती. उष्णता वाहून नेण्यात पाण्याची बरोबरी हवेला कुठली! तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट अधिक उष्णता पोटात घेते. पण पाणी आले की टाकी आली, नळ्या आल्या, गळती आली आणि वजन आले. हा कारखाना तीन-चार वर्षांतच बंद पडला. त्याची कारणे अनेक होती. पण हलक्या दुचाकीवर पाण्याचे ओझे नको, असेच पुढच्या बहुतेक कारागिरांना वाटले.

त्यांना वाट दाखवली फ्रान्सच्या द दियों-बूतों कंपनीने. १८९५ च्या सुमारास तिने एक छोटे, चपळ इंजिन काढले. सिलिंडरभोवती पातळ पात्यांची रास होती. गॅरेजमध्ये आपण त्यांनाच फिन्स म्हणतो. पात्यांमुळे धातूचा पृष्ठभाग वाढतो आणि जास्त हवा त्याला लागते. ठिणगीसाठी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट अशी योजना होती. हे इंजिन जगभर विकले गेले आणि त्याच्या नकलाही जगभर झाल्या. मोटारसायकलच्या कारागिरांनी त्या दिवसांत एक करारच करून टाकला म्हणा ना! करार असा: आम्ही पाणी वाहणार नाही, पंखा वाहणार नाही, गाडी धावेल आणि रस्त्यावरचा वारा इंजिन गार ठेवील. गार ठेवणारा अर्धा भाग यंत्राच्या बाहेर, रस्त्यावर ठेवला गेला. हा करार ध्यानात ठेवा; पुढचे सगळे त्याच्यातूनच निघते.

गाडी उभी राहिली तर काय, हा प्रश्न त्या काळीही काहींना पडला होता. त्यांनी उत्तर शोधले ते मोठे मजेचे. वारा येत नसेल तर सिलिंडरच वाऱ्यात फिरवा! पॅरिसच्या सेगँ बंधूंनी विमानासाठी 'नोम' नावाचे इंजिन काढले, त्यात सगळे सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गरगर फिरत. विमान जमिनीवर उभे असले तरी इंजिनाला वारा मिळे. हीच कल्पना म्युनिकच्या मेगोला कंपनीने १९२१ पासून काही वर्षे मोटारसायकलवर वापरली. पाच सिलिंडरांचे फिरते इंजिन थेट पुढच्या चाकातच बसवलेले! पण या गाडीला क्लच नव्हता आणि गिअरही नव्हते. चौकात थांबायचे झाले तर इंजिन बंद करायचे, नाहीतर गाडी गोल गोल फिरवत वाट मोकळी होण्याची वाट पाहायची. गरमीचा प्रश्न सुटला आणि थांबण्याचा उभा राहिला.

इंग्लंडात आल्फ्रेड स्कॉटने १९०८ पासून पाण्याचा मार्ग पुन्हा धरला. त्याच्या टू-स्ट्रोक गाड्यांनी १९१२ आणि १९१३ साली आइल ऑफ मॅनची सीनियर टी.टी. शर्यत जिंकली. पण तो अपवादच राहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात गिब्सन आणि हेरन या दोघांनी हवेने गार होणाऱ्या सिलिंडरचा शास्त्रीय अभ्यास केला. अल्युमिनियमचे हेड वापरा, पात्या बारीक आणि दाट ठेवा, सर्वांत तापणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडची उष्णता जवळच्या वाटेने बाहेर काढा, असे त्या अभ्यासाचे सार होते. त्याचा लाभ पुढे मोटारसायकलींनाही मिळाला आणि वाऱ्याशी केलेला जुना करार अधिकच पक्का झाला.

आता आपण आपल्या देशाकडे येऊ. इंग्लंडातल्या रेडिच गावची रॉयल एन्फिल्ड बुलेट भारतीय सैन्याने पसंत केली आणि १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. ती जुनी बुलेट म्हणजे ३४६ घनसेंटिमीटरचा एकच उभा सिलिंडर. तो बिडाचा आणि वरचे हेड अल्युमिनियमचे. बीड टिकाऊ खरे. पण उष्णता वाहून नेण्यात अल्युमिनियमच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याचेच. पुढे साठीच्या दशकात मैसूरहून जावा आली, एस्कॉर्ट्सची राजदूत आली. या दोन्ही टू-स्ट्रोक. म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला एक भडका. या सगळ्या गाड्यांनी तोच करार अंगी बाणवलेला होता.

त्या वेळचा रस्ता कसा होता? १९५१ साली साऱ्या भारतात नोंदलेली मोटार-वाहने होती सुमारे तीन लाख आणि त्यांत दुचाक्या होत्या सुमारे सत्तावीस हजार. साऱ्या देशात, बरे का! २०२० साली एकूण वाहने बत्तीस कोटींच्या वर गेली आणि त्यांत दुचाक्या चोवीस कोटींच्या घरात. बुलेटने करार केला तो सत्तावीस हजारांच्या देशाशी. आज तिची गाठ पडते ती कोट्यवधींच्या गर्दीशी. तिने आपला शब्द मोडलेला नाही. रस्त्याने मोडला.

हवामानाचाही वाटा आहे. समजा, सिलिंडरच्या पात्या २०० अंशांवर आहेत. इंग्लंडात बाहेर १५ अंश असतील, तर फरक १८५ अंशांचा. नागपूर-अकोल्याकडे चैत्र-वैशाखात ४२ अंश असले, तर फरक उरतो १५८ अंशांचा. उष्णता बाहेर पडते ती या फरकाच्या जोरावर. तेव्हा वारा तितकाच मिळाला तरी गार होण्याची ताकद सातव्या हिश्श्याने कमी झाली. त्यात समोरच्या बसचा धूर आणि तापलेले डांबर!

आणि स्कूटर का तापत नाही, असे कोणी विचारील. त्याचेही उत्तर इतिहासातच आहे. इटलीत १९४६ साली व्हेस्पा आली, ती कोरादिनो द'आस्कानियो या विमानाच्या इंजिनियराने आखलेली. तिचे इंजिन पत्र्याच्या आड झाकलेले. तिथे वारा पोचणे शक्यच नव्हते. म्हणून फ्लायव्हीललाच पंख्याची पाती दिली आणि झाकण घालून ती हवा थेट सिलिंडरवर नेली. साठीच्या दशकात पुण्याजवळ आकुर्डीला बजाजने याच घराण्याच्या स्कूटर आणि रिक्षा बनवायला घेतल्या. ही गाडी आपला वारा आपल्याबरोबर बाळगते. सिग्नलला उभी असली तरी पंखा फिरतोच. मात्र सिलिंडरवरचे ते झाकण 'उगीच आवाज करते' म्हणून कोणी काढून ठेवले, की तीही तापू लागते. हवा उधळली जाते, सिलिंडरला लागत नाही.

तर मग निदान कसे करायचे? पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा: गाडी मोकळ्या रस्त्यावरही तापते का? ताशी पन्नासने अर्धा तास गेल्यावर तिची ओढ कमी होत असेल, चढावर इंजिनातून खडखड असा नॉकिंगचा आवाज येत असेल, तर तिच्यात दोष आहे, हे नक्की. तापते ती फक्त गर्दीतच आणि पहिल्यापासून तशीच असेल, तर तो स्वभाव. पण बहुधा तिसरीच गोष्ट असते: पूर्वी वीस मिनिटे दम धरायची, आता पाच मिनिटांतच तापते. तेव्हा समजावे की, लहानसा दोष आहे आणि मोकळ्या रस्त्यावर वारा तो झाकून ठेवतो. वारा थांबला की झाकलेले उघडे पडते. गर्दी दोष निर्माण करत नाही. ती दाखवून देते.

हे लहान दोष शोधताना फुकटच्या तपासण्या आधी कराव्या. गाडी मेन स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवा. ब्रेक घासत असेल किंवा चेन ताणलेली असेल, तर इंजिन दिवसभर त्या ब्रेकशीच झगडत असते. फिन्समधला चिखल आणि ऑइलवर बसलेली धूळ खरवडून काढा. त्यावर जाड रंगाचे थर चढवू नका. पुढच्या लेगगार्डला पिशव्या, फलक, पत्रे अडकवण्याची आपल्याकडे खोड आहे. मिळतो तेवढा वारा तरी अडवू नये.

यानंतर ठिणगीची वेळ. पॉइंटची जी टाच कॅमवर घासते, ती वापराने झिजते. टाच झिजली की पॉइंटमधली फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. उशिरा पेटलेले पेट्रोल पिस्टन खाली जाता जाताही जळत राहते. त्याची ताकद चाकाला मिळत नाही, उष्णता मात्र एक्झॉस्टच्या तोंडाशी जमते. गाडी ओढत नाही म्हणून माणूस आणखी मूठ पिळतो आणि ती आणखी तापते. हा दोष हळूहळू वाढतो, त्यामुळे रोज बसणाऱ्याला तो जाणवत नाही. फट नीट करून टायमिंग पुन्हा लावले की निम्मी तक्रार इथेच मिटल्याचे अनेकदा दिसते. टॅपेटही पाहावेत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता देतो तो सीटवर टेकला असताना. टॅपेट घट्ट असले तर तो पुरता टेकतच नाही आणि जळतो.

तिसरी गोष्ट पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणाची. पेट्रोल कमी, हवा जास्त झाली की इंजिन तापते. प्लग काढून पाहा: कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ आहे. जेटमध्ये कचरा असेल किंवा कार्ब्युरेटरचा सांधा हवा खेचत असेल. इंजिन संथ चालू असताना त्या सांध्यावर ऑइलचे थेंब सोडा. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरते. टू-स्ट्रोक गाडीत तर पेट्रोलबरोबरच ऑइल जाते, त्यामुळे पेट्रोल कमी पडले की ऑइलही कमी पडते आणि धोका दुप्पट होतो.

इथे इतिहासाचे एक नवे पान जोडले पाहिजे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या आपल्या प्रदेशाला ते नवे नाही. पण इथेनॉलच्या अंगात ऑक्सिजन मुळातच असतो. नव्या गाड्यांतला संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही. त्याचे जेट जुन्याच पेट्रोलच्या मापाने कोरलेले. हिशेबाने मिश्रण सुमारे सात टक्के पातळ होते. आधीच काठावर चालणाऱ्या इंजिनाला तेवढे पुरते. अशा वेळी जाणत्या मेकॅनिककडून कार्ब्युरेटरची सुई एक खाच वर घ्यावी किंवा जेट एक माप मोठे बसवावे. रबराच्या जुन्या नळ्या आणि वॉशरही तपासावेत. इथेनॉलपुढे ते लवकर नरमतात.

ऑइलचे काम फक्त वंगणाचे नाही. आतल्या उष्णतेचा बराच भार ते वाहते. तेव्हा पातळी पाहा, वेळेवर बदला, कंपनीने सांगितलेले माप वापरा. जाड ऑइल हा तापणाऱ्या गाडीवरचा उतारा नव्हे. ते सावकाश फिरते आणि नेमके जिथे हवे तिथे उशिरा पोचते.

इतके सगळे नीट केल्यावर जे उरते तो स्वभाव. आणि तो सांभाळायचा चालवणाऱ्याने. मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचे दिसले की इंजिन बंद करा. उभ्या गाडीत मूठ पिळू नका. क्लच अर्धवट धरून कासवगतीने सरकण्यापेक्षा थोडी जागा मोकळी होऊ द्या, मग एकदम पुढे जा. गाडी तापलीच तर सावलीत उभी करा; तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नका, ते तडकते. आणि एक गोष्ट जिवाची. चालत्या गाडीची ओढ अचानक मरू लागली, इंजिन घट्ट होतेसे वाटले, तर त्याच क्षणी क्लच दाबा. पिस्टन सिलिंडरला चिकटला की मागचे चाक जागच्या जागी अडकते. मागून बस येत असेल तर पुढचे सांगायला नको. तापणाऱ्या गाडीवर डाव्या हाताची दोन बोटे नेहमी क्लचवर असावीत.

काळाचे चक्र कसे फिरते पाहा. १८९४ साली वापरलेले आणि पुढे टाकून दिलेले पाणी आता परत आले आहे. आपल्याकडे २००८ पासून यामाहाची आर-फिफ्टीन पाण्यावर गार होते. आणि ज्या रॉयल एन्फिल्डने हवेवर इतकी वर्षे काढली, तिनेही २०२३ साली नव्या हिमालयनला रेडिएटर दिला. गर्दीत गाडी थांबली की त्यातला पंखा आपोआप सुरू होतो. रस्ता वारा देणार नाही, हे कारखान्यांनी अखेर मान्य केले, असाच याचा अर्थ.

पण म्हणून जुनी गाडी टाकाऊ ठरत नाही. तिला घडवणाऱ्यांनी आपल्या काळाचा रस्ता पाहून शहाणपणानेच करार केला होता. त्या करारातला यंत्राचा वाटा आपण दुरुस्त ठेवावा आणि रस्त्याने मोडलेला वाटा आपल्या सवयीने भरून काढावा. आजोबांना उन्हात रांगेत उभे करून 'हे दमतात फार' अशी तक्रार कोणी करीत नाही. त्यांना सावलीत बसवतात आणि नंबर आपण लावतो. जुन्या यंत्राशी वागायची रीतही हीच आहे.